मानपत्रातला रणगाडा

माणूस शेवटी ओळखला जातो तो त्याच्या मूल्यांनी. पद जाते, पैसा जातो, देहही जातो. मूल्ये तेवढी मागे उरतात.

हे वाक्य माझेच आहे. आजवर मी ते किमान तीस मानपत्रांत वापरले आहे. त्यांपैकी एक मानपत्र अशा एका मुख्याध्यापकांचे होते, की त्यांच्या मागे शाळेत मूल्ये उरली की नाही हे सांगता येणार नाही, पण वर्गातले छताचे पंखे उरले नाहीत. वाक्य मात्र त्यांनाही नीट बसले. मोठी वाक्ये सत्काराच्या शालीसारखी असतात. माप घ्यावे लागत नाही.

मी मूळचा इस्लामपूरकडचा, उसाच्या पट्ट्यातला. नोकरी लागली ती आटपाडीच्या अलीकडे, माळावरच्या एका गावात, माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्याची. दोन वर्षांत दुसरीकडे बघेन असे घरी सांगून आलो होतो. निवृत्तही इथेच झालो. मराठीच्या शिक्षकाकडे गाव तीन कामे घेऊन येते: लग्नपत्रिकेचे शुद्धलेखन, बारशाला नाव आणि मानपत्र. पहिल्या दोन कामांत माझे कुणी कधी ऐकले नाही. तिसऱ्यात मात्र मी लिहीन ते गाव टाळ्या वाजवून मान्य करी, कारण मीही गावाला जे हवे तेच लिहीत असे.

शाळेत मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडेच होता. सकाळची वीस-पंचवीस मिनिटे. भिंतीवर दहा मूल्यांचा तक्ता, राष्ट्रभक्तीपासून सुरू होणारा. त्यातला वक्तशीरपणा मी तीनदा शिकवला. तेव्हा मी विट्याहून ये-जा करत असे आणि तिन्ही वेळा एसटी उशिरा आली. परीक्षेचे दिवस जवळ आले की गणिताचे सर हा तास मागून घेत आणि मी तो आनंदाने देऊन टाकी. मूल्ये थांबू शकत होती, बीजगणित थांबू शकत नव्हते.

मानपत्राचा माझा एक ठरलेला साचा होता. शिक्षक असेल तर ज्ञानयज्ञ, समिधा, दीपस्तंभ. सोसायटीचा चेअरमन असेल तर बळीराजा, तळमळ, कैवारी. आणि फौजी असेल तर हिमालय. हिमालयाशिवाय फौजीचे मानपत्र म्हणजे मीठ विसरलेले कालवण. नोकरीची सगळी वर्षे पुण्याच्या छावणीत कारकुनी केलेल्या एका हवालदारालाही मी हिमालय दिला होता. त्याने तक्रार केली नाही. उलट फ्रेम करून दारासमोरच लावली.

फौजीच्या सेवापूर्तीचा सोहळा आमच्याकडे अलीकडे लग्नाच्या वरताण होतो. उघडी जीप, डीजे, चौकात फ्लेक्स, आणि दोन जेसीबी. जेसीबीच्या बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्या भरतात आणि जीप खालून जाताना त्या वरून ओततात. ज्या यंत्राने सकाळी कुणाचे शेततळे खणलेले असते, त्याच्याच दातांतून दुपारी पुष्पवृष्टी होते. आणि ज्याच्यावर ती होते तो, शिपाई असो की सुभेदार, गावाच्या दृष्टीने मेजरच असतो. फौजेतून आलेल्या प्रत्येकाला आम्ही मेजर म्हणतो. खरा मेजर निवृत्त होऊन आला तर त्याला काय म्हणायचे, हा प्रश्न अजून उभा राहिलेला नाही.

तर असाच एक मेजर बावीस वर्षांची नोकरी करून एका बुधवारी घरी आला. रविवारी त्याचा सोहळा ठरला होता. तो माझा विद्यार्थी. गावाच्या वरच्या अंगाला मेंढपाळांची वस्ती आहे, तिथला. वर्गातला तो मला फारसा आठवत नाही, आणि हे त्याच्या बाजूने बोलते. मला आठवतात ती पोरे बहुतेक वेगळ्या कारणांनी आठवतात. त्याच्या म्हाताऱ्याला मात्र सगळा गाव ओळखत होता. फौजेत गेल्यावर पहिल्या वर्षी पोराने एक फोटो पाठवला होता. वर्दी, ताठ मान आणि पाठीमागे रणगाडा. त्या दिवसापासून म्हातारा गावात रणगाड्याचा माणूस झाला. टीव्हीवर कुठल्याही देशाचा रणगाडा दिसला की हॉटेलातले सगळे त्याच्याकडे बघत आणि तो, हो, असेच असते, अशा अर्थाने मान हलवी.

गुरुवारी चारच्या सुमारास मेजर माझ्याकडे आला. गावातल्या तरुण मंडळाच्या पोरांनी मी लिहिलेला मानपत्राचा मसुदा त्याला मोबाईलवर पाठवला होता. नमस्कार झाला, पाणी झाले. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला.

"सर, हे कुणाचं हाय?"

"तुझंच की."

"मग ह्यात मी कुठं हाय?"

मसुद्याची सुरुवात अशी होती: 'रणगाड्याच्या पोलादी छातीआडून शत्रूच्या उरात धडकी भरवणारे, हिमालयाच्या शिखरांनाही ज्यांनी मान तुकवायला लावली असे...' मला ती बरी वाटत होती.

"मी रणगाड्यात कवा बसलोबी न्हाई, सर," तो म्हणाला. "फोटो काढला तेवढाच. तो रणगाडाबी बंद पडल्याला. छावणीच्या गेटावर शोभंला ठेवला हुता. सगळी पोरं तिथंच फोटो काढायची."

"मग बावीस वर्षं तू होतास कुठे?"

"खेचरांवर."

मी मनात त्याला खेचराच्या पाठीवर बसवले. त्याने माझी समजूत लगेच दुरुस्त केली. "बसायचं नसतं त्यांच्यावर. चालवत न्यायची. रस्ता जिथं संपतो तिथनं वरच्या चौकीपतुर. रेशन, रॉकेल, गोळ्या, टपाल. येताना कवा आजारी माणूस, कवा..." तो थांबला. "येताना काय असंल ते."

मी विचारले नाही, तरी तो पुढे बोलत राहिला. एकेकाकडे तीन खेचरे असतात, खेचराला नाव नसते, खुरावर नंबर असतो. पण सगळे आपापली नावे ठेवतात, आणि ती नावे सायबासमोर घेण्यासारखी नसतात. मग तो शेवटच्या महिन्याबद्दल बोलायला लागला, आणि तेव्हा मला कळले की हा मानपत्राबद्दलच बोलतोय.

जाणारा माणूस आपली खेचरे नव्या माणसाच्या ताब्यात देतो. त्याची रीत अशी, की तीन-चार दिवस दोघे बरोबर चालतात आणि जुना नव्याला एकेका जनावराबद्दल सांगत जातो. हे डाव्या कानाला हात लावू देत नाही. हे पाण्यात पाय घालायच्या आधी थांबते, तेव्हा ओढायचे नाही, त्याचे त्याला बघू द्यायचे. हे हेलिकॉप्टरला भीत नाही, पण प्लास्टिकच्या पिशवीला भिते.

"मी नवा हुतो तवा मला ज्यानं ताबा दिला, त्यानं नुसती तारीफ केली," मेजर म्हणाला. "एक नंबर जनावर, लाखात एक, आंधळ्यानं न्यावं असलं. तिसऱ्या दिवशी मी नाल्यात. हे हाड मोडलं." त्याने गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवले. "जनावर वळणावर बिचकत हुतं. त्याला ठावं हुतं, पर सांगितलं न्हाई. जाताजाता वाईट कशाला बोला, म्हणून. ते मानपत्रच हुतं, सर."

मी चहा मागवला.

"म्हणून ह्या बारीला मी त्या नव्या पोराला सगळं सांगितलं. जनावराच्या खोड्या, माझ्या चुका, कुठं मी त्याला उगाच मारलं, सगळं. न्हाई सांगितलं तर पोरगं मरंल. आन् मग गाडीत बसल्यावर वाटलं, खेचराबद्दल मी येवढं खरं बोललो. माझ्याबद्दल गावात बावीस वर्सं काय चाललंय?"

"पण खोटं तू नाही बोललास. म्हातारा बोलला."

"पहिल्या सुट्टीला आलो तर जो तो रणगाडा, रणगाडा. म्हटलं, जाताना सांगू. मग म्हटलं, फुडच्या सुट्टीला सांगू. बावीस वर्सं सुट्ट्याच की." तो हसला. "मी बोललो न्हाई, म्हंजे मीच बोललो, सर."

मी आयुष्यभर मूल्ये शिकवली. पण एखाद्याला स्वतःचे मूल्य सापडताना समोर बसून पाहण्याची ही पहिलीच वेळ. ते तक्त्यातल्या दहांपैकी एकाही नावाने ओळखू येत नव्हते. सत्य म्हणावे तर ते फार मोठे झाले असते. हा माणूस सत्याबित्याबद्दल बोलतच नव्हता. पुढच्या माणसाच्या हाती आपण काय देतो आणि त्याने तो पडेल का, एवढेच तो बघत होता.

अडचण म्हाताऱ्याची होती. त्याला अजून सांगायचे होते. "मला मेंढरांमागनं काढायला आबांनी काय न्हाई केलं," मेजर म्हणाला. "आन् मी जाऊन परत जनावरांच्याच मागं लागलो. हे ऐकून त्यास्नी काय वाटंल? गावात त्यांची जी काय जागा हाय, ती त्या फोटोवर हाय. ती गेली तर माझ्यामुळं जाणार. पर रविवारी समद्यांम्होरं हे वाचलं, तर मग मला पुन्यांदा कवाच बोलता यायचं न्हाई."

त्या संध्याकाळी त्याने बापाला सांगितले. म्हातारा एकच वाक्य बोलला आणि भाकरी अर्धी ठेवून उठला. ते वाक्य मला शुक्रवारी कळले: "मेंढरांमागनं काढला, तर खेचरांमागं गेलास व्हय रं?"

शुक्रवारी मंडळाची पोरे माझ्या ओसरीवर जमली. मंडळाचा अध्यक्ष डाळिंबवाला. गावात कालव्याचे पाणी आल्यापासून त्याचा आवाज आणि बाग दोन्ही वाढले आहेत, पण माणूस मनाने वाईट नाही. फ्लेक्स छापून आले होते. त्यावर मेजरचा चेहरा एका भलत्याच दांडगट कमांडोच्या धडाला जोडला होता, पाठीमागून तीन रणगाडे येत होते आणि खाली अक्षरे होती: रणगाडावीर.

"मेजर, आवं काय फरक पडतोय?" अध्यक्ष म्हणाला. "रणगाडा काय, खेचर काय, दोन्ही देशाचंच की."

"फरक पडत नसंल तर खेचर छापा."

पोरे हसली. अध्यक्ष हसला नाही. "परमुख पाव्हणं यायचं हायती. त्यास्नी काय सांगू, खेचराचा सत्कार हाय म्हणून?"

"खेचराचा केलासा तरी चालंल," मेजर शांतपणे म्हणाला. "माझ्यापरीस जास्त काम त्यानं केलंय. पर आता बोलवायचं तर लय लांब पडंल."

"आवं, लोकं हसत्याल!"

"हसू द्या की. मी बावीस वर्सं ऐकलंय. आमच्या तळावरबी सगळी हसायचीच. चौकीवर रेशन पोचलं की हसायची न्हाईत."

शेवटी तडजोड झाली. 'रणगाडावीर' या शब्दातला रणगाडा पांढरा कागद चिकटवून झाकायचा, वीर तेवढा ठेवायचा. चित्रातल्या तीन रणगाड्यांना झाकण्याएवढा कागद कुणाकडे नव्हता. मानपत्र मी नव्याने लिहायचे. आणि म्हातारा स्टेजवर नसेल तर मेजर स्टेजवर चढणार नाही. ही शेवटची अट मेजरची. तिच्यावर तडजोड झाली नाही. म्हणून म्हाताऱ्याला आणायचे काम मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडे, आले.

शनिवारी सकाळी मी वरच्या वस्तीवर गेलो. म्हातारा वाघरीपाशी, म्हणजे मेंढरे कोंडायच्या जाळीपाशी, बसला होता. एका कोकराच्या खुरात काहीतरी शिरले होते, ते काढत होता.

"या मास्तर. समजवाया आलासा?"

"हो."

"मग बसा. समजवून झालं की च्या पिऊ."

मी समजावले. प्रामाणिकपणा, श्रमप्रतिष्ठा, कुठलेही काम हलके नसते वगैरे. चाळीस पोरांच्या वर्गात हे बोलताना कधी वाटले नव्हते, पण एका माणसापुढे बोलताना मला माझाच आवाज परका वाटू लागला. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले. कोकरू सोडून दिले.

"मास्तर, खालच्या हॉटेलात तुमी पहिल्या दिवशी आलासा तवा कुठं बसलासा?"

"बाकावर."

"मी चाळीस वर्सं उभ्यानं च्या प्यालो. कुणी उठ म्हणत न्हवतं, आन् बस बी म्हणत न्हवतं. खांद्यावरचं घोंगडं बघून कुणी सरकायचंच न्हाई. फोटो आला आन् बाकड्यावर जागा झाली. पोराला काय ठावं? त्यानं कवा उभ्यानं च्या प्यालाय?" त्याने वाघरीची दोरी ताणून बांधली. "तुमी लिवा की रणगाडा. कागदाला काय दुकतंय?"

"मुलगा नको म्हणतोय."

"मग त्याला म्हणावं, तूच ऐक तुझं मानपत्र. मी मेंढरं घिऊन वड्याकडं जाणार हाय उद्या."

खऱ्यासाठी स्वतःची जागा सोडणे ही मोठी गोष्ट आहे, पण इथे मुलाच्या खऱ्यासाठी बापाने बाकडे सोडायचे होते. आम्ही चहा प्यालो. म्हाताऱ्याने मला बसायला घोंगडे दिले आणि स्वतः दगडावर बसला.

त्या दिवशी दुपारी मेजरला समोर बसवून मी मानपत्र लिहिले. नऊ ओळींना तीन तास लागले. एरवी मला पाऊण तासात पान भरायची सवय होती, कारण तेव्हा ज्याच्याबद्दल लिहायचे त्याला काही विचारावे लागत नसे. पहिल्यांदाच मी प्रश्न विचारले. मी 'दुर्गम' लिहिले, त्याने विचारले, म्हणजे कसं? मी 'अवघड' केले. मी 'अहोरात्र' लिहिले. तो म्हणाला, रात्री खेचरं चालवत न्हाईत. मी 'निष्ठेने' लिहिले, त्यावर त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, ते ऱ्हाऊ द्या. खोडून खोडून जे उरले ते वाचताना मला लक्षात आले, की इतक्या मानपत्रांत ज्याच्याबद्दल लिहिले तो माणूस दिसतोय असे हे पहिलेच. त्यानंतर मी आणखी दोन लिहिली. दोन्ही वेळा आधी त्या माणसाकडे जाऊन बसलो. एकात हिमालय तरीही शिरला. जुनी सवय आहे, सुटता सुटत नाही.

रविवारी तीन वाजता मिरवणूक निघाली. डीजेचा दणका असा, की शाळेच्या खिडक्यांची तावदाने ताल धरत होती. मेजर जीपमध्ये चढला नाही. फेटा बांधून जीपच्या पुढे चालत राहिला. त्यामुळे जेसीबीवाल्यांची पंचाईत झाली आणि पहिली पुष्पवृष्टी रिकाम्या जीपवर झाली. दुसऱ्या जेसीबीने सुधारणा केली, ती ड्रायव्हरवर. चौकातला फ्लेक्स वाऱ्याने फडफडत होता आणि वीर या शब्दाच्या डाव्या हाताला चिकटवलेला कागद निम्मा सुटला होता. लोक त्यातून 'गाडावीर' एवढेच वाचू शकत होते.

शाळेच्या मैदानात मंडप होता. मेजर स्टेजच्या पायरीपाशी येऊन थांबला. म्हातारा नव्हता. अध्यक्षाने त्याच्या कानात काहीतरी सांगितले, त्याने नकारार्थी मान हलवली आणि तो खालीच, पहिल्या ओळीच्या कडेला उभा राहिला. प्रमुख पाहुणे बोलायला उठले. त्यांना बदल कळवायचे राहून गेले असावे, किंवा कळवूनही भाषण पाठ झालेले असावे. त्यांनी रणगाड्याचा चार वेळा उल्लेख केला आणि एकदा सत्कारमूर्तीच्या दिशेने हात केला. तो स्टेजवर नसल्यामुळे त्या हाताच्या रेषेत साउंडवाला आला.

मग मी मानपत्र वाचले. यांनी बावीस वर्षे सैन्यात खेचरे सांभाळली. जिथे रस्ता नाही तिथे माणसांना अन्न पोचवले. जनावराला खोगीर लागून जखम होऊ दिली नाही. जाताना आपली खेचरे नव्या माणसाला नीट समजावून दिली. हे सगळे त्यांनी निष्ठेने केले. अशा नऊ ओळी. मिनिटभरात संपल्या. टाळ्या वाजवायच्या की अजून काही यायचे आहे, हे लोकांना कळेना. आणि त्या शांततेत मागच्या बाजूने एक आवाज आला, "आयला, मेजर गाढवावर हुतं म्हण की!"

मंडप हसला. मेजर खाली बघत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर शरम नव्हती. त्याची नजर कुणाला तरी शोधत होती.

"गाढवावर कुणाला म्हणतो रं?"

हा आवाज मंडपाबाहेरून आला. पाण्याच्या टँकरच्या आडोशाला म्हातारा उभा होता. त्याच्या मागे सगळी मेंढरे होती. ओढ्याकडे जातो म्हणाला होता. ओढा वस्तीवरून शाळेच्या अगदी उलट्या दिशेला आहे.

"खेचराला गाढव म्हणणाऱ्यानं कवा जनावरावर ओझं बांधलंय का?" म्हातारा म्हणाला. त्याला मुलाचा अपमान लागला होता की जनावरांबद्दलचे अज्ञान, हे सांगणे कठीण. मग त्याने तिथूनच मुलाला विचारले, जणू मंडपात दुसरे कुणी नव्हतेच, "एका बाजूचं वझं हलकं पडलं तर काय करत हुतास रं?"

"दगड बांधायचा, आबा. हलक्या बाजूला."

"आन् उतारावर?"

"खोगीर मानंकडं सरकतं. शेपटीखालचा पट्टा आवळायचा."

म्हातारा आत आला. वाटेत तिसऱ्या ओळीतल्या एका बागायतदाराने उठून आपली खुर्ची त्याच्यापुढे केली. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. "आमीबी घोड्यावर बिऱ्हाड बांधताना दगडच बांधतो," तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला. वस्तीवरची चार-पाच म्हातारी माणसे मागून पुढे सरकली. त्यांनीही विचारायला सुरुवात केली. बर्फात खूर फुटते का? काय खायला घालायचे? बिथरले तर पुढून धरायचे की बाजूने? मेजर एकेकाला उत्तर देत होता. अध्यक्षाने भांबावून त्याच्या हातात माईक दिला. मी या गावात कुठल्याही भाषणाला एवढी शांतता पाहिलेली नाही. प्रमुख पाहुणे घड्याळ बघत होते. त्यांना पुढे कडेगावला आणखी एक सत्कार होता.

"तुझ्याकडचं कुठलं गेलं का?" म्हाताऱ्याने विचारले.

"एक गेलं, आबा. दरीत."

"तुझ्या हातनं?"

"न्हाई. मी सुट्टीवर हुतो. धाकटीच्या लग्नाला आल्तो हितं. बदली माणसाला त्याची खोड ठावं न्हवती."

म्हाताऱ्याने आयुष्यात किती जनावरे गमावली असतील हे मला माहीत नाही, पण ते कसे असते हे त्या मंडपात त्याच्याइतके कुणाला कळत नव्हते.

"तवा बोलला न्हाईस," तो शेवटी म्हणाला.

"कुणाला बोलू? तुमी समद्यांनी मला रणगाड्यावर बसवलं हुतं."

हे माईकवरून गेले. मेजरला ते माईकवर बोलायचे नसावे. सगळ्या गावाने ऐकले. कुणी हसले नाही.

म्हाताऱ्याने पुढे होऊन मुलाच्या फेट्यावर अडकलेली एक झेंडूची पाकळी काढली, बोटात चुरली आणि टाकून दिली. मग टँकरकडे बघून म्हणाला, "चल. मेंढरं तानेल्यात. सकाळपास्नं कोंडून घातल्यात."

मेजरने माईक अध्यक्षाच्या हातात दिला, मला वाकून नमस्कार केला आणि फेट्यासकट बापाच्या मागून निघाला. वस्तीवरचे लोकही उठले. मेंढरांचा कळप मंडपाला वळसा घालून ओढ्याच्या वाटेला लागला. बापलेक कळपाच्या दोन बाजूंनी चालत होते आणि बोलत होते. काय, ते लांबून ऐकू येत नव्हते.

अध्यक्षाने माईकवर फुंकर मारली आणि आभारप्रदर्शन होईपर्यंत कुणीही जागा सोडू नये अशी विनंती केली. आभारप्रदर्शन सत्कारमूर्तीच्या गैरहजेरीत पस्तीस मिनिटे चालले. मंडपवाल्याचे नाव त्यात दोनदा आले.